वहिनी, माय आणि बालवाडी

आमच्या जळगावच्या घरात आईला सगळे वहिनी म्हणायचे. काका म्हणायचे, शेजारपाजारचे म्हणायचे, दूधवालासुद्धा म्हणायचा. म्हणून मीही तिला वहिनीच म्हणायचे. वडिलांना काका भाऊ म्हणत, म्हणून ते माझेही भाऊ. ते अजूनही भाऊच आहेत आणि त्याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. बायकांच्या वाट्याला मात्र दुरुस्ती आली.

माय म्हणायचे मी वडिलांच्या थोरल्या बहिणीला. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. पदरी मूलबाळ नव्हतं. आई जामनेर रोडवरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहाटेची एसटी धरून रोज अप-डाउन करायची. मी जागी व्हायच्या आत ती गेलेली असायची आणि परत यायची तेव्हा मी जेवून पेंगत असायचे. न्हाऊ-माखू घालणारी, भरवणारी, कुशीत घेऊन झोपणारी ही आत्या. बाकीचं घर तिला अक्का म्हणायचं. मी गल्लीतल्या पोरांचं ऐकून माय म्हणायला लागले आणि तिनं ओ दिली. एवढं सोपं होतं ते.

मला बालवाडीत घातलं त्या दिवशी आईचीही शाळा सुरू होत होती. दुसऱ्यांच्या पोरांना पहिल्या दिवशी वर्गात बसवायला ती निघाली आणि स्वतःची पोर मागे राहिली. तिला हे किती लागलं असेल, ते कळायला मला फार वर्षं गेली. निघण्याआधी तिनं माझ्या नव्या पाटीची पूजा केली, पाटीला हळद-कुंकू लावलं आणि झोपेतच माझ्या कपाळालाही बोट टेकवलं. मायला ते करता येत नव्हतं, विधवा म्हणून. सकाळी ते कुंकू अर्धं उशीला पुसलेलं होतं. मायनं तोंड धुताना कपाळ तेवढं सोडलं. ‘राहू दे, वहिनीनं लायेल शे,’ म्हणाली.

दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, गालावर काजळाची तीट आणि डब्यात गूळ-पोळी. बालवाडी मंदिरामागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत भरायची. जूनच्या उकाड्यात आत पोरांचा नुसता आकांत चालला होता. मी मायचा पदर सोडेना. तिनं एकेक बोट सोडवलं. ‘रडू नको वं. मी आठेच शे, दाराशी,’ म्हणाली. ती खरंच दाराशी बसून राहिली असेल असं मला वाटतं, कारण दुपारी सुटल्यावर ती सगळ्यात पुढे उभी होती.

आणि त्या दिवशी आईही आली. अर्धी रजा टाकून, कुणाला न सांगता, स्टँडवरून थेट. घामानं भिजलेली, खांद्याला शाळेची पिशवी. पोरीला पहिल्या दिवशी निदान घरी तरी आपण न्यावं, एवढीच तिची हौस होती.

बालवाडीच्या बाई एकेक पोर दारात आणून ज्याच्या त्याच्या हाती देत होत्या. मी दिसल्याबरोबर आईनं हात पुढे केले. मी त्या हातांखालून निसटले आणि ‘माय!’ करत अक्काच्या कमरेला मिठी मारली. बाईंनी आईला विचारलं, ‘तुम्हाला कोणाला न्यायचंय?’

‘हिलाच. मी आई हिची.’

बाई गोंधळल्या. अनोळखी माणसाच्या हाती पोर द्यायचं नाही, हे त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी वाकून मला विचारलं, ‘कोण गं ह्या?’

‘वहिनी,’ मी सांगितलं.

दारातल्या सगळ्या बायका हसल्या. माय हसली. आईसुद्धा हसली. मग बाई म्हणाल्या, ‘अहो, पोरीला आई कोण ते तरी शिकवा आधी. आणि तुम्ही स्वतः शिक्षिका ना?’ पिशवीतनं हजेरीपट डोकावत होता, त्यावरून त्यांनी ओळखलं असावं. त्या बाईंचा मला अजून राग येतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी येतो.

घरी आल्यावर आई मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. माय जेवण वाढून थांबली होती. शेवटी तीच मोरीच्या दाराशी गेली, आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी आजोबांनी, म्हणजे आबांनी, सगळ्यांना बसवलं आणि फर्मान काढलं, ‘आजपासून पोर वहिनीले आई म्हनी आन अक्काले आत्या. बठ्ठासनी ध्यानमां ठेवा.’

सगळ्यांनी ठेवलं, पण खरं शिकवलं मायनं. तिच्यासारखी कडक मास्तरीण मला पुढे कुठल्याच शाळेत भेटली नाही. मी ‘माय’ म्हटलं की ती ओ द्यायची नाही. चुलीपुढे बसलेली असली तर भाकरीकडे बघत राहायची, धुणं धूत असली तर पाणी जोरानं ओतायची. मी पाय आपटायचे, पदर ओढायचे, रडून लाल व्हायचे. ती ढिम्म. शेवटी हुंदके देत ‘आत्या’ म्हटलं की लगेच ‘ओ’ यायची आणि डब्यातला गुळाचा खडा हातावर पडायचा. ‘मी आत्या शे तुनी. वहिनी तुनी आई शे,’ असं ती मला भरवताना घोकून घ्यायची. गूळ खाऊन खाऊन मी शिकले. मुलांना काहीही शिकवता येतं, याच्याइतकी वाईट गोष्ट नाही.

आईला ‘आई’ ही हाक मिळाली, ती तिच्या हक्काचीच होती. ती मला रात्री जवळ घेऊन झोपायला लागली आणि मला तिचाही लळा लागला, हे खोटं कशाला सांगू. पुढे काकांना धुळ्याला नोकरी लागली, काकूचं बाळंतपण आलं, म्हणून अक्का चार महिन्यांसाठी तिकडे गेली ती तिकडचीच झाली. तिथल्या पोरांना तिनं पहिल्यापासून आत्या म्हणायला लावलं. पुन्हा कुणाला तोडायची वेळ तिनं येऊ दिली नाही.

मी कॉलेजात होते तेव्हा ती आजारी पडल्याचा निरोप आला. आई आणि मी धुळ्याच्या एसटीत बसलो. पारोळा मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर बघत आई म्हणाली, ‘तिला माय म्हण. मी सांगितलंय म्हणून म्हण.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘मला त्या दिवशी फक्त आई व्हायचं होतं गं. तिचं काढून घ्यायचं नव्हतं. आबांनी सांगितलं तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं.’ इतकी वर्षं ती हे मनात ठेवून जगली, याचा मला राग आला आणि तिची कीवही आली.

दवाखान्यात अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात काही उरलं नव्हतं. तोंड कोरडं पडतं म्हणून काकूनं उशाशी पुडीत खडीसाखर ठेवली होती. मी जवळ बसले.

‘माय,’ मी म्हटलं.

तिचे डोळे उघडे होते. ती हलली नाही.

‘माय, मी आलेय.’

पुन्हा काही नाही. मला वाटलं, ऐकू जात नसेल. पण मी हात धरला तेव्हा तिनं माझ्या बोटांवर बोटं घट्ट केली. आई पायथ्याशी उभी होती. ‘अक्का, ती तुम्हाला हाक मारतेय,’ आई म्हणाली. ‘म्हणू द्या ना तिला. माझ्यासाठी म्हणू द्या.’ अक्कानं भिंतीवरची नजर काढली नाही. तिच्या डोळ्यातून पाणी कानात उतरत होतं आणि ओठ मिटलेले होते.

मी किती वेळ वाट बघितली कोण जाणे. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

‘आत्या,’ मी म्हटलं.

‘ओ,’ ती लगेच म्हणाली. मग उशाशी चाचपडत तिनं पुडी शोधली आणि खडीसाखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवला.