उलट्या पाट्या

नॉरिचच्या जुन्या ‘लँटर्न’ पबच्या तळघरात हेस्टर ग्रिमवूडने चौतीस वर्षं काढली. बिअरचं पिंप आलं की ती ते लाकडी घोडीवर आडवं ठेवायची, आणि मग दोन दिवस त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. गाळ तळाशी बसला तरच बिअर नितळ उतरते. एवढं साधं, पण नव्या मॅनेजरच्या टाळक्यात ते शिरेल तर शपथ.

हा डॉमिनिक. शनिवारी पबच्या मालक कंपनीचा साहेब येणार होता. पिंपं ठेवायची की त्यांच्या जागी गॅसच्या दाबावर चालणाऱ्या, आयत्या गाळलेल्या बिअरच्या टाक्या आणायच्या, हे तोच ठरवणार. म्हणून या शहाण्याने शुक्रवारी, हेस्टरची सुट्टी साधून, तळघराला रंग दिला. त्यासाठी चारही पिंपं गडगडत बाहेर नेली आणि तशीच परत आणली.

शनिवारी सकाळी हेस्टरने पहिला ग्लास खिडकीशी धरला. गढूळ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“विष तर नाही ना?” डॉमिनिक म्हणाला. “हल्ली लोकांना गढूळच आवडते. साहेबांसमोर तमाशा नको, हेस्टरबाई.”

“तमाशा तू केलायस. वर तोंड करून मला सांगतोस?”

बिअर देण्याजोगी नसली की काउंटरवरच्या पंपाला लावलेली त्या बिअरच्या नावाची पाटी उलटी फिरवायची, ही इथली रीत. हेस्टरने चारही पाट्या उलट्या केल्या. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नेहमीची मंडळी आली, पाट्या बघून सॉसेज आणि कुस्करलेल्या बटाट्याबरोबर मुकाट पाणी प्यायली.

साहेबाने कारण विचारलं. तिने डॉमिनिकसमोर सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, “म्हणजे ही पिंपं बेभरवशाची.”

“पिंपं नाही, तुमची माणसं बेभरवशाची,” हेस्टर म्हणाली. पण त्याचं ठरलं होतं.

सोमवारी बिअर काचेसारखी नितळ झाली. हेस्टरने पाट्या सुलट्या केल्या आणि पहिला ग्लास म्हाताऱ्या रेजिनाल्ड फ्लॉवरड्यूसमोर ठेवला. तो चाळीस वर्षं त्याच स्टुलावर बसत आला होता. बाहेर गाडीतून टाक्या उतरत होत्या.

रेजिनाल्डने घोट घेतला. “झकास आहे, हेस्टर.”

तिला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणीच नव्हतं. तिने दुसरा ग्लास स्वतःसाठी भरला आणि त्याच्या ग्लासाशेजारी ठेवला.