आज कोणता देश आहे, बाप्पा?

"मग आज कोणता देश आहे, बाप्पा?"

नवऱ्याने सोफ्यावरून हुकूम सोडला की ती आधी शेगडी बारीक करायची, ओले हात नॅपकिनला पुसायची आणि अगदी गोड आवाजात हा प्रश्न विचारायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा नागपूरकडचा काही विनोद असेल. बसलेले सगळे हसले, मीही हसले. तो मात्र हसला नाही.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये आमची दारं समोरासमोर होती. तो कॉम्प्युटरवाला, चांगल्या नोकरीतला. ती नागपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि त्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायला कायद्यानेच बंदी. एक मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. नावं मी लिहीत नाही. तिचं लिहिलं तर त्याचं कळेल, असं एक जण म्हणाला. त्याला ओळखणारे नावाशिवायही ओळखतील, आणि त्यांनी ओळखावंच. मी काही क्षमाशील बाई नाही.

तर तिच्या प्रश्नाचा अर्थ. त्याच्याकडे दोन देश होते आणि दोन्ही त्याच्या सोयीचे. तिला ताप भरला तेव्हा तो म्हणाला, "ही अमेरिका आहे. इथे कोणी कोणाचं करत नाही. सूपचा कॅन उघड आणि गरम करून घे." त्याच आठवड्यात त्याचे मित्र यायचे होते. तेव्हा, "आपल्यात पाहुण्यांना बाहेरचं वाढत नाहीत." बर्फातून ती कपड्यांची ट्रॉली लाँड्रीपर्यंत ओढत न्यायची, तेव्हा अमेरिका. तिने गाडी शिकते म्हटलं की लगेच भारत. "आपल्या बायकांना कशाला हवंय ड्रायव्हिंग? मी आहे ना." तो नसायचाच, हा भाग वेगळा. असा नवरा तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. नसेल तर नीट पाहिलं नाहीत, इतकंच.

मराठी मंडळाच्या दिवाळीत, भाड्याने घेतलेल्या शाळेत, तो स्टेजवरून भाषण करायचा. परदेशात संस्कृती कशी टिकवावी, स्त्री म्हणजे घरची लक्ष्मी, वगैरे. मागे तिथल्या किचनमध्ये आम्ही वडे तळत असू. एकदा टाळ्या वाजल्या तशी तिने झारा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा, लक्ष्मीला सांग, तेल तापलं." हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसत नव्हती. ती वडे मोठे झालेत का ते बघत होती.

मग ती होळी आली. आमच्याकडे होळी पौर्णिमेला नसते, शनिवारी असते. त्याने सहा-सात कुटुंबांना पुरणपोळी खायला बोलावलं होतं. तिची आई नागपूरला आठवडाभर हॉस्पिटलात होती. तिने जाते म्हटलं तर तो म्हणाला, "व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल. आणि इथे लोक असे धावत नाहीत ऊठसूट. फोन कर." त्याच थंडीत तो धाकट्या भावाच्या साखरपुड्याला जाऊन आला होता. तेव्हा काही अडकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मदतीला म्हणून लवकर गेले. ती पाठमोरी उभी राहून पोळी लाटत होती.

"आई गेली सकाळी," ती म्हणाली. "पुरण सैल झालं का बघ जरा."

मी लाटणं तिच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, मी आत्ता सगळ्यांना फोन करून नको म्हणते. तिने लाटणं परत घेतलं.

"मी विचारलं त्यांना. म्हणाले, ऐनवेळी कॅन्सल करता येत नाही, लोकांचं शेड्यूल असतं. तू कुणाला सांगू नको. पोळ्या भाज."

पाहुणे आले. तिचे डोळे पाहून कोणीतरी विचारलंच. तो हसत म्हणाला, "अ‍ॅलर्जी यार. पोलन. दरवर्षी होतं तिला." एक काकू तिसरी पोळी घेताना म्हणाल्या, "अगदी आईच्या हातची चव आहे गं." तिने त्यांच्या पोळीवर तूप वाढलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. त्या क्षणी मी त्याला मनात जे म्हटलं ते छापता येणार नाही.

त्या दिवसापासून तिचा प्रश्न बंद झाला. तो चहा मागायचा, ती द्यायची. तो म्हणेल तो देश. त्याला वाटलं, बायको वळणावर आली. मला वाटलं, हरली बिचारी. आम्ही दोघंही चुकलो होतो आणि त्याच्यासारखंच मलाही वाटावं याचा मला आजही राग येतो.

मधल्या वर्षांत ग्रीन कार्ड आलं. मी तिला मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी शिकवली. तिने कम्युनिटी कॉलेजात लॅबचं काम धरलं. त्याने मित्रांना सांगितलं, "मीच म्हटलं, घरी बसून काय करणार?" तिने शेजारी बसून मान डोलावली.

मग त्याने घर घेतलं. मोठं, दोन गॅरेजचं. वास्तूची पूजा आणि सत्यनारायण एकाच दिवशी, सगळं मंडळ आणि ऑफिसचा मॅनेजरसुद्धा. चार दिवस आधी ती माझ्याकडे आली. "प्रसादाचा शिरा तू करशील का? तुझ्या घरी. मला हात लावायचा नाहीये." मला वाटलं, बायकांची नेहमीची अडचण असेल. मी हो म्हटलं.

दिवाणखान्यात चौरंग, केळीचे खांब, सगळं साग्रसंगीत. गुरुजी एरवी आमच्यासारखेच नोकरदार, शनिवार-रविवार पूजा सांगणारे. तो सोवळं नेसून पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा.

"वहिनी, या," गुरुजी म्हणाले. "जोडीने बसायचंय."

ती पाहुण्यांत, माझ्या शेजारी बसली होती. साधी पांढरी साडी, केस मोकळे. बसल्या जागेवरून म्हणाली, "मला बसता येत नाही, गुरुजी. मला सुतक आहे."

गुरुजी दचकले. "अरे! कोण गेलं?"

"आई."

"कधी?"

"तीन वर्षं झाली. होळीच्या शनिवारी." मग ती वळून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "तुम्ही सगळे पुरणपोळीला आला होता ना, त्याच दिवशी सकाळी गेली. तेव्हा हे म्हणाले कॅन्सल करता येत नाही. पाळायचं राहून गेलं. आता पाळते."

त्या पोळ्या खाल्लेले बहुतेक तिथेच होते. अ‍ॅलर्जीवर दोन-चार औषधं सुचवणारेही होते. आईच्या हातची चव म्हणालेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. तो सोवळ्यात बसलेला, त्याला उठताही येईना. "हे काय चालवलंयस?" इतकंच त्याला सुचलं.

गुरुजी भले माणूस. हळूच म्हणाले, "वहिनी, इतक्या वर्षांनी सुतक राहत नाही. ते फिटलेलं असतं."

"फिटायला आधी पाळावं लागतं ना, गुरुजी?"

गुरुजींनी पोथीकडे पाहिलं.

"तुमचं अडू देणार नाही मी," ती म्हणाली आणि पर्समधून एक सुपारी काढून तिने मुलीच्या हातात दिली. "बाबांना दे. बायको नसली की कमरेला सुपारी लावून बसतात. शिऱ्याला मी शिवलेली नाही, निश्चिंत खा."

मुलीने सुपारी नेऊन दिली. सगळ्यांच्या देखत त्याने ती कमरेला खोचली. दुसरं करणार काय? मॅनेजरने मुलीला हळू आवाजात विचारलं, "व्हेअर इज युअर मॉम सपोज्ड टु सिट?" मुलगी मोठ्याने म्हणाली, "दॅट बीटल नट इज मॉम. फॉर टुडे." पूजा पार पडली. कथेतल्या साधुवाण्याचं जहाज बुडालं तेव्हा माझ्याइतकं समाधान त्या दिवाणखान्यात कोणालाच झालं नसेल.

सुतकाचे तीन दिवस तिने माझ्या घरी काढले. लेकीला तेवढंच असतं. आमचे हे कामाने गावाला गेलेले. ती जमिनीवर चादर टाकून निजायची, वरणभात खायची. मुलगी सोफ्यावर. दुसऱ्या दिवशी तो आला. "वहिनी, तिला जरा समजवा. लोक काय म्हणतील?" मी दाराची साखळी काढली नाही. "सुतक आहे हो. तुमची नुकती पूजा झालीय, विटाळ नको," म्हणाले आणि दार लावलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती न्हाली आणि मुलीला घेऊन दुसऱ्या राज्यात, ॲन आर्बरला गेली. तिथल्या एका लॅबमध्ये तिने नोकरी आधीच पक्की करून ठेवली होती. परत आली नाही. तो त्या दोन गॅरेजच्या घरात एकटा राहतो आणि मंडळात आता भाषण करत नाही. कोणी बोलावत नाही. याची व्यवस्था थोडीफार मीही केली आहे.

पण जायच्या आदल्या संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. म्हणाली, "दादा, त्या दिवशी काय काय झालं ते सगळं सांग. सकाळपासून." तो सांगत गेला. आईने पाणी मागितलं, मग विचारलं, पोरगी निघाली का तिकडून. तिने फोन खाली ठेवला आणि तिने जो हंबरडा फोडला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. जमिनीवर हात आपटून रडत होती. मुलगी तिला बिलगली. खालच्या शेजाऱ्याने छताला ठोकलं. मी काही तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर पोलीस.

"इज एव्हरीथिंग ओके हिअर, मॅम?" त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"हर मदर पास्ड अवे," मी म्हणाले.

"व्हेन?"

"टुडे," मी म्हणाले.

त्याने टोपी काढली. आत दोन पावलं आला आणि तिच्यासमोर वाकून म्हणाला, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस, मॅम."

तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांत या देशात हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. "थँक यू," ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. जाताना तो खालच्या मजल्यावर थांबून काहीतरी बोलला असावा. नंतर ती बराच वेळ रडली, पण खालून कोणी ठोकलं नाही.