डाव्या हाताचं नवं

पावसच्या अलीकडे, रस्ता समुद्राकडे उतरतो तिथल्या वाडीत जाऊन हरिश्चंद्र शिवलकरांचं घर विचाराल तर लोक डोकं खाजवतील. हरी चाकू म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडील. नाव चिडवायला म्हणूनच पडलेलं, पण ज्याला चिडवायचं तो चिडला तर गंमत. हा गृहस्थ ते नाव वडिलोपार्जित असल्यासारखं मिरवत राहिला.

चाकू म्हणजे भाजीचा नव्हे, आणि सिनेमातल्या गुंडाच्या हातातला रामपुरीही नव्हे. मिटून खिशात बसणारे, परदेशी कारागिरांनी महिना महिना खपून बनवलेले चाकू. हरिश्चंद्र मालवाहू जहाजांवर बोसन होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. बंदराला जहाज लागलं की बाकीचे सेंटच्या बाटल्या नि चॉकलेटं घ्यायला धावायचे, आणि हा चाकूवाल्याचं दुकान शोधत गल्लीबोळ पालथे घालायचा. शिंगाच्या मुठीचा फ्रेंच, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेला जपानी, टायटॅनियमच्या मुठीचा अमेरिकन. सागाची पेटी करून घेतली होती, आत मखमल, आणि मखमलीवर हे सगळे नवरदेव ओळीनं निजलेले.

आता अशी चीज माणूस काय करतो? कपाटात ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो. हरिश्चंद्र त्यानं फणस फोडायचा. होय, फणस! लाटांच्या नक्षीचं ते जपानी पातं चिकानं माखलेलं बघून त्याच्या थोरल्या चुलतभावाचा, भागोजीदादाचा जीव तुटायचा.

"हऱ्या, एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती रे."

"म्हैस खिशात मावत नाय, दादा."

"म्हणून सोन्याची सुरी उरात मारून घ्यायची?"

"उरात कशाला? फणसात मारतोय ना."

फणस झाला की पातं खोबरेल लावून पुसायचं, दगडावर दोन हात मारायचे, पुन्हा तेलाचा पुसट हात फिरवायचा. समुद्राची खारी हवा लोखंडाची वैरीण, तिला एक दिवस सवड दिलीत तर गंज धरलाच. वाडीतल्या कोणाला पटो न पटो, याचं म्हणणं ठाम होतं. वर्षभर ज्यानं काही कापलं नाही तो चाकू नव्हे, तसबीर. त्याला हार घाला नि भिंतीवर लावा.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा, आणि ती मात्र थट्टेवारी न्यायची नाही. एकदा वादळात एका खलाशाच्या पायाला दोरखंडाचा फास बसला नि तो कठड्याकडे ओढला जायला लागला. हरिश्चंद्रनं एका हातानं कठडा धरला होता. तो सोडला असता तर दोघंही गेले असते. दुसऱ्या हातानं खिशातला चाकू काढला, त्याच हाताच्या अंगठ्यानं उघडला नि दोर कापला. तेव्हापासून त्याची एकच परीक्षा. चाकू एका हातात उघडला पाहिजे नि त्याच हातात मिटला पाहिजे. फ्रेंच चाकू तेवढा देखणा म्हणून माफ.

मुलगा नितेश मुंबईला नोकरीला लागला, तेव्हा पहिल्या पगारातून त्यानं बापासाठी काय आणावं? चाकूच. बिचाऱ्यानं कितीतरी दिवस इंटरनेटवर वाचून, मित्राकरवी अमेरिकेहून मागवला. काळी हलकी मूठ, साधं करडं पातं. हरिश्चंद्रनं तो तळहातावर तोलला.

"प्लॅस्टिक?"

"मूठ तशी आहे, बाबा. पण पोलाद एक नंबर आहे. मी वाचलंय."

"वाचलंस ना? मग बस वाचत."

असं बोलू नये. पण उचलली जीभ नि लावली टाळ्याला, हा घराण्याचा गुण. तो चाकू सागाच्या पेटीत कधी गेलाच नाही. बायकोनं, राजश्रीनं, तो उचलून स्वयंपाकघरात पळीडावांच्या डब्यात उभा केला. त्यानं ती आंब्याच्या पेट्यांच्या सुतळ्या तोडायची, कोथिंबीर चिरायची. नितेश गावी आला की त्याला तो डब्यात दिसायचा. त्याचं तोंड उतरायचं.

या वर्षी आंब्याचा हंगाम संपता संपता हरिश्चंद्र कलमांखालीच अर्धांगाचा झटका येऊन कोसळला. रत्नागिरीला हॉस्पिटलात नेला. जीव वाचला, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला, जीभ जरा जड झाली तरी शिव्या स्पष्ट येत होत्या. उजवा हात मात्र खांद्यापासून लुळा पडला. डॉक्टरांनी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की यांना कुठे कापू देऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही.

नितेशनं सागाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली मुंबईला नेली.

"तुमच्या भल्यासाठी, बाबा."

भल्यासाठी! माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याचं काय काय काढून घेता येतं, याचा हिशेब कोणी मांडला नाही हे बरंच आहे. हरिश्चंद्र बाजेवर पडून छताकडे बघत राहिला. व्यायामाला म्हणून दिलेला रबरी चेंडू त्यानं खिडकीतून पोफळीत फेकला. राजश्रीनं वाटीत आंब्याचे तुकडे करून आणले, वर चमचा ठेवून. ती वाटी त्यानं डाव्या हातानं दूर सारली.

"आंबा कापून भरवण्याइतको ल्हान नाय झालो मी."

राजश्री पदराआड रडली, आणि तोही रडला असता, पण राग इतका होता की रडायला जागाच नव्हती.

दुपारी डोळे मिटून तो मनातल्या मनात पेटी उघडायचा. एकेक चाकू डाव्या हातात घेऊन बघायचा. फ्रेंच गेला, त्याला नखानं उघडायला दोन हात लागतात. जपानीचा खटका उजव्या अंगठ्यासाठी. टायटॅनियमवाल्याचाही तसाच, डाव्या हातानं मिटायला जावं तर बोटं पात्याच्या वाटेत. सगळी पेटी संपली. जगभर हिंडून जमवलेल्या त्या गोतावळ्यात डाव्या हाताचा एकही निघाला नाही.

श्रावणात एकदा तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. डब्यात काळी मूठ दिसली. उगाच काढून डाव्या हातात घेतली. अंगठा चाचपडला तर उघडायचं बोंड पात्याच्या या बाजूलाही होतं. दाबलं, नि पातं खाडकन उघडलं. आता मिटणार कसा? बघतो तर खटक्याची दांडी मुठीच्या आरपार गेलेली, दोन्ही बाजूंनी सारखी. अंगठ्यानं नि बोटानं ती मागे ओढली, पातं सैल झालं आणि मनगटाच्या झटक्यासरशी मुठीत जाऊन बसलं. ज्यानं हा चाकू घडवला त्यानं डावखुऱ्यांचाही विचार केला होता. आणि ज्यानं तो निवडला त्यानं बापाची एका हाताची परीक्षा लहानपणापासून ऐकली होती.

राजश्री दारात उभी होती. "ठेवा तो. गोळ्या चालू आहेत."

"उघडला गो," तो म्हणाला. "मिटलापण." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नि त्यानं ते पुसलंही नाही.

बाई शहाणी. तिनं भेंडीची टोपली त्याच्यापुढे सरकवली. "मी समोर असतानाच. आणि कापलंत कुठे, तर मी नितेशला फोन करीन."

कापलंच. बोटाचं रक्त थांबेना तेव्हा राजश्रीनं हळद दाबून धरली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोन मात्र केला नाही. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा पाटावर हजर. भेंडी झाली, पडवळ झालं, मग परसातला गवती चहा. ते बेट त्यानं भादव्यात पार बोडकं केलं, आणि घरात येणाऱ्याजाणाऱ्याला गवती चहा पिऊन पिऊन वीट आला. एवढा गवती चहा कशाला कापला जातोय ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं.

तर नव्याची गोष्ट. नवं म्हणजे शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या. कोणी गणपतीत आणतात, कोणी कोजागरीला, या वाडीत दसऱ्याच्या सकाळी. घरच्या कर्त्यानं आंघोळ करून शेतात जायचं, लोंब्या कापायच्या, आंब्याचं पान नि कुरडूचं फूल घालून जुड्या बांधायच्या. एक देवाला, एक दाराला, एक विहिरीला. ज्याच्या हातचं नवं, तो घराचा कर्ता. त्यावर वाद नसतो.

खंडेनवमीला नितेश मुंबईहून आला होता. पाटावर हत्यारं पूजेला मांडली होती, कोयता, विळा, कुऱ्हाड. हरिश्चंद्रनं शेवटी काळ्या मुठीचा चाकू आणून ठेवला. नितेशनं तो बघितला नि आईकडे वळला.

"हा इथे कसा?"

"हत्यारच आहे ना," राजश्री म्हणाली आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात भागोजीदादा आला. भावकीतला वडीलधारा, कोणाच्या घरी काय कसं व्हावं ते ठरवून देण्याची त्याला जुनी खोड. बसल्या बसल्या म्हणाला, "नितेश, उद्या नवं तू काप."

"नवं मी कापणार," हरिश्चंद्र म्हणाला.

"कशानं? डाव्या हातानं? देवाचं नवं डाव्या हातानं? असा आपल्यात कधी झाला नाय."

"कधी झाला नाय तर उद्या होईल."

"बघितलास नितेश? सुंभ जळला तरी पीळ जात नाय."

"पीळ गेला तर मग त्याला सुंभ तरी कशाला म्हणायचा, दादा?"

नितेश कळवळून म्हणाला, "बाबा, हट्ट नको. शेतात पाय घसरला, हातात पातं असलं, तर? त्यात या गोळ्या."

हरिश्चंद्र त्याच्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "पेटीला कुलूप लावलंस, मी गप बसलो. आता हातालापण लावणार काय?"

पोरगा मान खाली घालून उठला. पण त्याचाही पीळ बापाचाच.

दसऱ्याच्या सकाळी हरिश्चंद्र सगळ्यांच्या पुढे निघाला, पाय ओढत, ओल्या धोतरात. मागे नितेश, त्याच्या हातात कोयता. बाप थकेल आणि मग आपण कापू, असा त्याचा साधा हिशेब. भागोजीदादाही आलेला, जणू पंचनाम्याला. राजश्री तबक घेऊन बांधावर उभी राहिली.

शेत पिवळं पडलं होतं. हरिश्चंद्र उतरला, जरा डगमगला. नितेश पुढे झाला तशी राजश्रीनं त्याचा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली.

"अरे, पण धरणार कशानं नि कापणार कशानं?" भागोजीदादा बांधावरून म्हणाला.

हरिश्चंद्र खाली वाकला. डाव्या हातानं लोंब्यांची मूठ गोळा केली. मग तो मेलेला उजवा हात डाव्या मनगटावर उचलला, लोंब्या त्याच्या कोपरात घातल्या नि अंग कलतं करून छातीशी दाबून धरल्या. गवती चहाच्या बेटावर त्यानं हेच तर घोकलं होतं. डावा हात मोकळा झाला. तो कनवटीला गेला, काळी मूठ बाहेर आली, अंगठा हलला, पातं उघडलं. एका ओढीत लोंब्या तुटल्या. एक दाणा खाली पडला नाही.

मग त्यानं भागोजीदादाकडे बघितलं. "देवानं उजवा घेतला. आता त्याला डावाच मिळेल."

 देव काही बोलला नाही, त्यामुळे भागोजीदादालाही काही बोलता येईना.

नितेशचं लक्ष लोंब्यांकडे नव्हतंच. तो त्या चाकूकडे बघत होता. बापानं दांडी ओढली, मनगट झटकलं, पातं आत गेलं, सगळं एका हातात. त्यानं नकळत हात पुढे केला. हरिश्चंद्रनं मान हलवली आणि चाकू बांधावर ठेवला.

"हातात नाय द्यायचा. भांडणं होतात. खालून उचल."

नितेशनं उचलला, उघडून बघितला. पात्यावर तेलाचा पुसट हात होता. त्यानं तो मिटून पुन्हा तिथेच बांधावर ठेवला आणि कोयता कमरेला खोचला.

घरी येऊन जुड्या बांधल्या. एका हाताला गाठ मारता येत नाही, तेव्हा गाठी नितेशनं मारल्या आणि बापानं त्या नीट नाहीत म्हणून दोनदा सोडवायला लावल्या. दाराला नवं लागलं, देवाला लागलं, विहिरीला लागलं. मग नितेशनं सागाची पेटी आणून ओटीवर ठेवली आणि पाकिटातून किल्ली काढली.

"माझं चुकलं, बाबा. तुमची पेटी तुम्ही सांभाळा."

हरिश्चंद्रनं झाकणावरून हात फिरवला. पेटी उघडल्यावर एकेकाकडे बघून घेतलं, जपान्याकडे जरा जास्त वेळ. मग पेटी नितेशकडे सरकवली.

"हे आता तुझे. सगळे उजव्या हाताचे आहेत, माझ्या कामाचे नायत. पण वापरायचे. फणस काप, दोर काप, काय वाटेल ता काप. पेटीत ठेवून गंजवलेस तर मुंबईला येऊन कान पिळीन."

"आणि हा?" नितेशनं कनवटीकडे बोट दाखवलं. त्याला हसू आवरत नव्हतं नि रडूही. "हा राहू दे की पेटीत, बाकीच्यांबरोबर. तुम्हाला मी दुसरा चांगला आणून देतो."

हरिश्चंद्रनं कनवटीवर डावा हात घट्ट दाबला.

"हा मागायचा नाय. हा माझ्या पोरानं पहिल्या पगारातून आणलाय."