काडी मोडायची कुणी?

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, तेव्हा बहीण चाकणजवळच्या आमच्या माहेरी परत आली. आमच्यात यावर जुना उपाय होता, काडीमोड. पंच बसायचे, दोन्हीकडची माणसं यायची, नवरा गवताची काडी मोडायचा, बाई मंगळसूत्र परत करायची आणि मोकळी व्हायची. मग तिचा पाट लावता येई, म्हणजे वाजंत्रीशिवायचं दुसरं लग्न. माझ्या आत्याचं असंच झालं होतं आणि तिचा दुसरा संसार पहिल्यापेक्षा बरा चालला.

बहिणीसाठी स्थळही मी पाहून ठेवलं होतं. दापोडीत माझ्या सासरी शेजारी एक विधुर राहायचा, पिंपरीच्या कारखान्यात फिटर. सरळ माणूस. घरात दोन लहान मुली, त्यामुळे त्याला घाई होती. दिवाळीपर्यंत थांबतो, म्हणाला. बहिणीचा नवराही काडी मोडायला तयार होता. कुणाचाच विरोध नाही, असं काम आठवड्यात उरकायला हवं.

पण नेमका तेव्हाच हिंदूंच्या लग्नाचा कायदा दिल्लीत एकत्र लिहून पास झाला होता, आणि ही बातमी आमच्या पंचांपर्यंत अर्धीच पोचली होती. थोरल्या पंचांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

"पोरी, आता समदं कोर्टात गेलं. आमी काडी मोडायची आन् पोलिसानं आमाला धरायचं, व्हय?"

कायदा कुणी वाचलाय का, असं मी विचारलं. वाचायला कशाला पाहिजे, म्हणाले. सरकारनं केलाय म्हणजे आपल्यावरच असणार.

मी बहिणीला घेऊन खेडला वकिलाकडे गेले. त्यांनी इंग्रजी पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की जिथे काडीमोडीची रीत आहे तिथे हा कायदा तिला हात लावत नाही. कोर्टात गेलात तर वर्षं जातील, पंचांकडेच जा. पंचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, वकिलाचं काय जातंय सांगायला.

मग माझं डोकं फिरलं. दिवाळी जवळ येत होती. मी थोरल्या पंचांनाच एसटीत घातलं आणि खेडला वकिलासमोर नेऊन बसवलं.

"त्यात आमच्या जातीचं नाव कुठं हाय?" पंचांनी विचारलं.

"नाव नाही. रीत जुनी, चालत आलेली असली पाहिजे."

"हाय की."

"ते कोर्टात शाबीत करावं लागतं."

"कवा?"

"कुणी भांडण काढलं तर."

"आन् न्हाई काढलं तर?"

"मग प्रश्नच नाही."

पंचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग वकीलसाहेब, एवढा कायदा करून आमाला सांगितलं काय?"

मलाही तेच विचारायचं होतं. या कायद्याच्या बाजूने मी घरात, नळावर भांडले होते. सगळं एका पुस्तकात आलं की पुण्याच्या बाईला जो न्याय तोच आम्हाला, पंचांच्या मर्जीवर बसायला नको, असं मला वाटत होतं. पुस्तक आलं, आणि त्यात आमच्यासाठी होती ती ओळ म्हणत होती, तुमचं तुम्ही चालू द्या.

परतताना पंच म्हणाले, मोडू, पण माझ्या ओट्यावर न्हाई. बाकीच्या पंचांनाही आपापला ओटा नको होता. शेवटी एका पडीक खळ्यावर काडी मोडली, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. फिटर थांबला होता, पण आता त्याची आई विचारायला लागली, हे पक्कं ना? वकिलाने सांगितलं तेच मी तिला सांगितलं. कुणी दावा केला तरच कळेल. म्हातारीने होकार दिला नाही, नकारही नाही.

घरी आल्यावर बहीण म्हणाली, "आक्का, कुणी दावा करेपर्यंत मी कुणाची?"

मी तिला लुगडी बांधायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दापोडीला घेऊन गेले. पाट लागला. पहिल्या नवऱ्याने कधी दावा केला नाही. पण त्याच्या गावचं माणूस रस्त्यात दिसलं की बहीण रस्ता ओलांडून पलीकडे जायची.