इराणचं भवितव्य, बी विंग

आमच्या वरच्या मजल्यावरच्या इराणी काकांइतका सभ्य माणूस आणि त्यांच्याइतका डोक्याला ताप देणारा माणूस दिंडोशीपासून दहिसरपर्यंत शोधलात तरी दुसरा मिळायचा नाही, आणि ही दोन्ही माणसं एकाच बुशशर्टात राहतात हे आमच्या सोसायटीचं भाग्य म्हणा की भोग. काकांच्या मुलखात दुसऱ्याच्या आधी दारातून जाणं म्हणजे त्याचा अपमान समजतात. त्यामुळे लिफ्ट आली की ते दोन पावलं मागे सरतात आणि म्हणतात, "आधी तुम्ही." आपण म्हणावं, "नाही काका, तुम्ही मोठे." मग ते छातीवर हात ठेवून मान झुकवतात, "तुमच्यापुढे मी? छे, छे!" एवढ्यात लिफ्टचं दार बंद होतं आणि लिफ्ट निघून जाते. एकदा अशी चार वेळा लिफ्ट आली आणि गेली. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे, जिन्याने जाऊ. तर जिन्याच्या पहिल्या पायरीशी पुन्हा, "आधी तुम्ही!" त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात माझा लेटमार्क लागला. कारण विचारलं तेव्हा "इराणी शिष्टाचार" असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

काका ऐन तारुण्यात इंजिनियरिंग शिकायला मुंबईला आले होते. शिकायचं आणि परत जायचं, असा साधा बेत होता. पण शेवटच्या वर्षी त्यांना कावीळ झाली आणि ज्या हॉस्पिटलात ते पडले तिथे मालवणच्या एक तरुण नर्स होत्या. त्या आमच्या काकू. काका बरे झाले, पण घरी गेले नाहीत. पुढे तिकडची परिस्थिती अशी बदलत गेली की जायचं म्हटलं तरी जाता येईना. मराठी ते काकूंकडून शिकले, म्हणजे मालवणीच शिकले, आणि ती फारसी सुरात बोलायला लागले. कोणी ऐकलं तर वाटावं, एखादा बादशहा गजाली सांगायला बसलाय. त्यात वर मराठी ही आपलीच भाषा आहे असा त्यांचा दावा. "हजार आमचे, बाजार आमचा, दरवाजा आमचा, अब्रू आमची," असं ते बोटांवर मोजून दाखवतात. मी सोसायटीची चिटणीस झाले तेव्हा पेढा घेऊन आलेल्या माणसांत तेही होते. पेढा हातात ठेवून म्हणाले, "काय गो, चिटणीस! ह्यातला 'नीस'सुद्धा आमचाच. तुमचा खरा फक्त एक 'ल'. तो तुम्ही ठेवा." त्यांना 'ळ' म्हणायचं होतं. 'ळ' त्यांना जन्मात म्हणता आलेला नाही.

हा 'ळ' आमच्या सोसायटीला एकदा फार महागात पडला. काकांचं सगळं आयुष्य पाण्याच्या पाइपांत गेलं. जमिनीखाली किंवा भिंतीत पाइप कुठे फुटलाय हे ते ऐकून सांगतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांब लाकडी दांडी आहे. दांडीचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. नवीन राहायला आलेल्या माणसाने त्यांना जिन्यात अशा अवस्थेत पाहिलं की पहिली तक्रार माझ्याकडे येते, "मॅडम, एक म्हातारे आमच्या भिंतीला कान लावून उभे आहेत." तर गेल्या वार्षिक सभेत पाणी कमी का येतं यावर तासभर खडाजंगी चालली होती. काका उठले, सगळ्यांना लवून नमस्कार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "मी ऐकलं आहे. जोशींच्या घरात मोठी गलती आहे. बारा वर्षं चालू आहे. जोशींना माहीत नाही, पण खालच्या सामंतांना माहीत आहे." जोशीबाईंनी जोशींकडे पाहिलं, जोशींनी सामंतांकडे पाहिलं, सामंत जमिनीकडे पाहायला लागले. शेवटी काकूच मागून ओरडल्या, "गळती, गळती! बाथरूमची गळती म्हणतत ते!" पाइप बदलला, पाणी आलं. जोशीबाई मात्र पुढे महिनाभर जोशींशी जपूनच बोलत होत्या.

पण हे सगळं काकांच्या दृष्टीने किरकोळ. त्यांचं खरं काम रविवारी संध्याकाळी पाच वाजता सुरू व्हायचं. काकांच्या कॉलेजच्या दिवसांतले सात इराणी मित्रमैत्रिणी सात देशांत पांगलेत. ते सगळे त्या वेळी व्हिडिओ कॉलवर जमायचे आणि आपल्या देशाचं भवितव्य ठरवायचे. टोरोंटोच्या दाताच्या डॉक्टरीणबाई सकाळच्या गाऊनमध्ये असायच्या, हॅम्बुर्गचे प्राध्यापक जेवत असायचे आणि मेलबर्नचे फर्निचरवाले जांभया देत असायचे. पहिली दहा मिनिटं 'आधी तुम्ही बोला' यात जायची आणि एकदा कोणी बोलायला लागलं की मग कोणीच थांबायचं नाही. दोन वर्षांत त्यांचं ग्रुपच्या नावावरही एकमत झालं नव्हतं. आमच्या हॉलच्या वरच त्यांचा हॉल. प्राध्यापकांचा आवाज चढला की आमचा पंखा हलतो असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. एका रविवारी वरून खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि पाच मिनिटांत काका आमच्या दारात उभे. चेहरा उतरलेला.

"चिटणीस, तू ये. फर्निचरवाला ग्रुप सोडून जातो म्हणतो. आज तू अध्यक्ष."

"काका, मला फारसीतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. आमचं भांडण तुका समाजणार नाय. पाण्याच्या टाकीच्या सभेत तू अठ्ठेचालीस घरं गप्प बसवलीस. ही तर सातच."

मी स्टीलचं ताट आणि डाव घेऊन वर गेले. कॅमेऱ्यासमोर बसले, ताट बडवलं, आणि सात देशांतले सात इराणी एकदम चिडीचूप झाले. मी माझ्या ऑफिसातल्या इंग्रजीत विचारलं, "आजच्या सभेचा विषय काय?"

काका म्हणाले, "देशाचं भवितव्य."

"हा विषय होत नाही. हे शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. ठराव काय आहे? सूचक कोण? अनुमोदक कोण?"

काकांनी हे फारसीत समजावून सांगायला चांगली पाच मिनिटं घेतली. मग प्राध्यापकांनी एक लांबलचक ठराव वाचला. देशातल्या लोकांनी काय करावं याची एकवीस कलमं होती त्यात. सतराव्या कलमाला फर्निचरवाल्यांचा विरोध होता, आणि डॉक्टरीणबाईंचा उरलेल्या वीस कलमांना. मी सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "बरं, ज्यांच्यासाठी हा ठराव आहे, त्यांच्यातलं आज कोण हजर आहे?"

कोणीच नव्हतं. एकही नाही.

"मग कोरम नाही," मी म्हटलं. "इमारतीत राहणारे सभासदच नाहीत आणि बाहेरगावी राहणाऱ्यांनी ठराव करायचा, हे चालत नाही. सभा तहकूब."

काका ताडकन उठले. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "माझ्या देशाची सभा तू तहकूब करतेस?"

खरं सांगते, मी घाबरले. पण चिटणीसपदाची एक खोड असते, नियमाला धरून बसायची. मी म्हटलं, "काका, तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, असा आमचा नियम आहे. तोवर प्रत्येकाने घरी एक फोन लावा. त्यांना काय हवंय ते विचारा. सांगू नका, फक्त विचारा."

काका धुसफुसतच आतल्या खोलीत गेले. इराणात त्यांची धाकटी बहीण असते, रिटायर झालेली शिक्षिका. दर आठवड्याला काका तिला फोन करतात. आतून बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा काकू डोकावून आल्या आणि मला म्हणाल्या, "गो, आज हे गप आसत. तीच बोलता."

अर्ध्या तासाने काका बाहेर आले ते वेगळेच दिसत होते. बहीण त्यांना म्हणाली होती, "चाळीस वर्षं तू मला सांगतोयस, आम्ही काय करायला हवं. आज पहिल्यांदा विचारलंस." आणि मग तिने सांगितलं होतं, घरच्या नळाला पाणी दिवसाआड येतं, रस्त्यावर मात्र रोज वाहत असतं. तिची एक विद्यार्थिनी गावाच्या पाणीखात्यात नवीनच इंजिनियर झाली आहे. जुने जाणते रिटायर झाले, तिला शिकवायला कोणी उरलं नाही. "तुला भाषण करायचंच असेल तर तिच्यापुढे कर," असं बहिणीचं म्हणणं.

तहकूब सभा पुन्हा भरली तेव्हा सातांपैकी चौघंच परतले. बाकीचे अजून घरच्यांशीच बोलत होते. डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. त्यांची मामेबहीण तिकडे दवाखाना चालवते, तिला सामान पुरत नाही, कमी सामानात काम कसं भागवायचं ते हवं होतं. त्या दिवशी एकच ठराव झाला: ज्याला जे काम येतं ते त्याने मागणाऱ्याला शिकवावं. सूचक काका, अनुमोदक फर्निचरवाले. प्राध्यापक तटस्थ राहिले, कारण त्यांच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी तेही वळले, पुतणीला जर्मन शिकवायला लागलो म्हणाले.

मग आमच्या बी विंगला नवीनच कळा आली. काका रोज सकाळी दांडी घेऊन पाइपांच्या डक्टमध्ये उतरायचे आणि मोबाइलवर फारसीत धडे रेकॉर्ड करायचे. पाइप ठीक असला की कसा आवाज येतो, चिरला की कसा, जोड सैल झाला की कसा. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि जाधवांची न सुरू होणारी स्कूटर. जोशींच्या बाथरूमवर तर त्यांनी सलग तीन धडे केले. इराणात आपलं बाथरूम गाजतंय हे जोशीबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी तक्रार दिली आणि मग नवीन टाइल्स लावून घेतल्या. त्या इंजिनियर मुलीने एकदा विचारलं, प्रत्येक धड्याच्या शेवटी एक बाई तेच तेच म्हणतात, ती काही तांत्रिक सूचना आहे का? ती काकूंची हाक होती, "अहो, जेवूक येतास मां?" ही महत्त्वाची सूचना आहे, असं काकांनी तिला कळवलं.

आणि एके दिवशी तिकडचं इंटरनेट बंद झालं. फोनही लागेना. टीव्हीवर काय काय दाखवत होते, ते काकूंनी बंद करून टाकलं. काका मात्र रोज डक्टमध्ये उतरत राहिले. धडा रेकॉर्ड करायचे, पाठवायचे, आणि मेसेज पोचला नसल्याची मोबाइलवरची ती एकच बारीक खूण बघत जिन्यात बसायचे. लिफ्टपाशी भेटले की 'आधी तुम्ही' म्हणायचंही राहून जायचं. सरळ आत शिरायचे आणि बटण दाबायला विसरायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "काका, जात नाही तर कशाला पाठवता?" ते म्हणाले, "ती पोरगी कधीतरी फोन उघडेल ना. तेव्हा तिका वाटूक नये, की आम्हीपण बंद झालो." रविवारची सभा भरायची. पण कोणी भांडायचं नाही. पंचवीसेक दिवस हे असं चाललं. काकूंनी नवऱ्याला कधी एका शब्दाने छेडलं नाही. फक्त त्यांच्या पानात भात कमी कमी वाढत गेल्या, कारण उरत होता.

मग एका दुपारी वरून हाक आली, "चिटणीस! ये, ये!" बहिणीचा आवाज आला होता. ती सुखरूप होती. ती मुलगीही सुखरूप होती आणि सगळे धडे एकदम मिळाल्यामुळे जरा गोंधळली होती. तिला दोन ठिकाणची गळती सापडली होती, आता तिसरीचा पत्ता लागत नव्हता. काका खुशीत येऊन सांगायला लागले. पुढ्यात आपल्या गावाचा नकाशा होता, त्यांनी स्वतः आठवणीतून काढलेला. बेकरीवरून उजवीकडे, मग तुतीचं झाड, तिथून पाइप वळतो.

मुलगी काहीतरी म्हणाली. काका थांबले. मला त्यांनी हळूच सांगितलं, "बेकरी नाही म्हणते. झाडही नाही. तिथे चार मजली इमारत आहे." त्यांनी दुसरी खूण सांगितली. तीही नव्हती. तिसरी सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. पलीकडची मुलगी ओशाळल्यासारखी वाटली. बहुधा माफी मागत असावी.

मग काकांनी नकाशा उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली आणि तिला म्हणाले (हे काकूंनी मला सांगितलं), "आता तू सांग. मी लिहून घेतो."

ती सांगत गेली, काका रेघा ओढत गेले. नवे रस्ते, नव्या इमारती, नवी नावं. एखाद्या पहिलीतल्या मुलासारखे ते प्रत्येक नाव पुन्हा म्हणून बघत होते. एका चौकाचं नाव मात्र त्यांनी दोनदा विचारलं, सावकाश अक्षर अक्षर लावून लिहिलं आणि पुढच्या रस्त्याकडे वळले.

मी खाली यायला निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "थंय, त्या चौकात ह्यांचा घर होता."