रुमालाखालचा हात

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की जगभरच्या थोर अर्थशास्त्रज्ञांचे एकमेव हयात नातेवाईक वरवंडला राहतात आणि ते माझे मामेसासरे लागतात. शिरूरच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं आर्थिक विचारांचा इतिहास शिकवला. विलायती नावं पोरांच्या जिभेवर बसेनात, म्हणून मामांनी त्या मंडळींना सरळ घरात घेतलं. बाजार अदृश्य हात चालवतो म्हणणारे ते स्कॉटलंडचे आबा. मजुराच्या घामातून नफा निघतो म्हणणारे ते दाढीवाले आप्पा. सवय इतकी मुरली, की एकदा सलूनमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या मामा हळहळले, "आप्पांनी शेवटपर्यंत हलाखीतच दिवस काढले." सलूनवाल्याचा वस्तरा थांबला. "कवा गेले? कळवायचं तरी." मामा म्हणाले, "झाली की शंभरावर वर्षं." त्यानं उरलेली दाढी मुकाट्यानं उरकली.

गेल्या साली दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मामांना धारेला बसता येईना. मामी गेल्यापासून घरात ते आणि एक म्हैस, एवढीच वस्ती. ती विकायची ठरली. चांगल्या घरी पडावी, हा एकच घोर. मला सोबत घेऊन ते जनावरांच्या बाजारात गेले. भांडगावचे एक शेतकरी पुढे आले, कास पाहिली, हातावर रुमाल टाकला आणि म्हणाले, "सर, द्या हात." या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, आणि समोरच्यानं हात हलवला की सौदा पक्का. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं वर्गात ज्याचं वर्णन केलं, तो हात साक्षात पुढे आला होता. "आबांचा हात," असं पुटपुटत त्यांनी रुमालाखाली हात घातला आणि भारावून गदागदा हलवला.

"झाला सौदा," शेतकरी म्हणाले.

"कितीला?" मामांनी विचारलं.

आकडा ऐकून मी कपाळाला हात लावला. "मामा, निम्म्यात गेली. मोडा."

"मोडा की," शेतकरीही म्हणाले. "सरांना ठाव नव्हतं. आपली काय हरकत न्हाई."

मामांनी त्यांना एवढंच विचारलं, "पुढं विकणार का हिला?"

"न्हाई ओ. घरी नातवंडं हायेत, दूध पायजे."

"मग राहू द्या," मामा मला म्हणाले. "किंमत वेगळी आणि मोल वेगळं, हे आबांनीच सांगून ठेवलंय."

म्हैस टेम्पोत चढली. आता मागणी-पुरवठ्यावर काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो. पण टेम्पो हलला तसे मामा काठी टेकत चार पावलं मागं धावले आणि भर बाजारात ओरडले, "अहो, धार काढताना तिच्याशी कायबी बोलत जा. गप्प बसणाऱ्याला ती पान्हा सोडत नाही."