कडुलिंबाखालचा शास्त्रवर्ग

अमरावतीत आमच्या चर्चच्या आवारात, कडुलिंबाखाली, दर बुधवारी संध्याकाळी शास्त्रवर्ग भरतो. आठ-दहा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर बायबल. इतक्या वर्षांत आम्ही शिकलो किती ते देव जाणे, पण किस्से मात्र लिंबाच्या मोहोरासारखे अंगावर पडत राहिले. झटकायचं मनच होत नाही!

*

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, अकोल्याच्या जुन्या शहरातले. एकदा त्यांनी त्रैक्य शिकवायला घेतलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघं, तरी देव एकच. तासभर बोलले. ऊन पिवळं होत होत विझलं, पाखरं झाडावर परतली. रिटायर्ड नर्स सुलोचनाकाकू डोळे मिटून ऐकत होत्या.

"समजलं का काकू?" साहेबांनी विचारलं.

"नाही जी. पण आयकून लय बरं वाटून राहिलं!"

साहेबांनी पुस्तक मिटलं. "माझंही वीस वर्षांपासून असंच चालू आहे!"

*

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे लेंट, उपासाचा काळ. जे आवडतं ते सोडायचं. दाविद मास्तरांनी एका वर्षी चहा सोडला. पहिल्याच आठवड्यात त्यांची घरात चिडचिड सुरू झाली आणि बायकोनं साहेबांना गाठलं.

"साहेब, यांले चहा प्यायले सांगा."

"का हो? चांगला नेम आहे."

"चहा यायनं सोडला, उपास मले घडून राहिला!"

*

एका वर्षी वर्ग चिखलदऱ्याला नेला. विषय होता स्वर्गारोहण. येशू वर गेला आणि ढगानं त्याला झाकलं, तो पाठ साहेब कड्याजवळ उभं राहून वाचत होते. तेवढ्यात दरीतून खरंच ढग वर आला. आधी साहेबांचे बूट दिसेनासे झाले, मग हातातलं पुस्तक, मग चष्मा. नुसता पांढरा ओलावा, आणि आत कुठेतरी आवाज. मग आवाजही थांबला. कुणी हललं नाही.

शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, हायेत का गेले?"

"आहे रे बाबा! माझी अजून तयारी नाही!"

*

यरुशलेमेत येणाऱ्या येशूचं लोकांनी झावळ्यांनी स्वागत केलं, त्याची आठवण म्हणजे ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. एका वर्षी त्या दिवशी झावळ्याच आल्या नाहीत. आम्हाला फुलं देणाऱ्या विमलबाई भातकुलीच्या. घरचे देव वेगळे. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमचा देव कायच्यावर बसून येते?"

"गाढवावर."

विमलबाईंनी हार गुंफता गुंफता मान डोलावली. मग म्हणाल्या, "मंग तो आपल्यातलाच हाय. शिंदीच्या फांद्या चालते त्याले!"

नाल्याकाठच्या शिंदीच्या फांद्या हलवत आम्ही गात गेलो.

*

मार्थाबाईंनी मला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकवलं. अलीकडे त्यांना काही आठवत नाही. मुलीचं नावही नाही. या वर्षी शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशू वधस्तंभावर मेला तो पाठ ऐकताना त्या एकदम रडायला लागल्या. घरचं माणूस गेल्यासारख्या. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. मुलगी घाबरली. "आई, ही जुनी गोष्ट आहे गं," म्हणून समजावत राहिली. त्यांना ते पटेना.

ईस्टर म्हणजे येशू मेलेल्यातून उठला तो रविवार; त्या पहाटेची उपासना आम्ही कबरस्तानात करतो. मार्थाबाई माझ्याशेजारी. धुकट उजेड, पांढरे क्रूस, कुठे कुठे मेणबत्त्या. साहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आम्ही सवयीनं पुटपुटलो, "खरोखर उठला आहे."

मार्थाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "खरंच? कधी?"

माझ्या तोंडून निघालं, "आज सकाळीच, बाई."

"मंग तुमी सारे इथं उभे काहून? लोकायले सांगाले नाही गेले?"

आणि पदर खोचून त्या फाटकाकडे निघाल्या. मुलगी मागे, मी मागे. रस्त्यावर एक दूधवाला मोटरसायकलवरून येत होता. बाईंनी हात आडवा करून त्याला थांबवलं.

"भाऊ, आयकलं का? तो उठला!"

दूधवाल्यानं बाईंचा चेहरा बघितला. गाडी बंद केली.

"बरं झालं आजी. लय दिवसापासून बिमार होते का?"

"नाही रे," मार्थाबाई हसत म्हणाल्या, "शुक्रवारी तं गेला होता!"